खानावळवाल्या काकू, जेवणाचं इन्सुलिन आणि दुपारी दीडचे ५८

आधी पेशंटची माहिती. काकू, वय ५६, वजन ६४ किलो, टाइप २ डायबिटीस, निदान होऊन चौदा वर्षं झालीत. सदाशिव पेठेत एमपीएससीच्या पोरांसाठी खानावळ चालवतात, दुपार-रात्र धरून साठ-सत्तर ताटं होतात. घरात काका (गल्ला आणि भाजी आणणं त्यांच्याकडे), मुलगा, सून. मी ज्या दवाखान्यात डायबिटीस एज्युकेटर आहे तिथे त्या एप्रिलमध्ये माझ्यासमोर आल्या तेव्हा एचबीएवनसी ९.४ होतं, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर २२०च्या पुढेच, आणि त्याच वेळी आठवड्यातून दोन-तीनदा शुगर लो व्हायची, म्हणजे ७०च्या खाली जायची. सरासरी एवढी वर आणि वर लो पण, हे कॉम्बिनेशन दिसलं की डोस कमी पडतोय का जास्त होतोय हा प्रश्नच चुकीचा असतो, डोस चुकीच्या वेळी चाललाय का ते बघायला लागतं. पण ते आत्ता लिहायला सोपं वाटतंय, तेव्हा घरातल्या सगळ्यांचं उत्तर एकच होतं, काकू चोरून गोड खातात.

मागचं थोडं. सुरुवातीची बरीच वर्षं मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, मग गोळ्यांनी भागेना म्हणून ३०/७० चं मिक्स इन्सुलिन, सकाळी २६ युनिट आणि रात्री १६. हे मिक्स म्हणजे एकाच बाटलीत दोन प्रकार, ३० टक्के लवकर काम करणारं आणि ७० टक्के हळू काम करणारं. सकाळी आठला घेतलं की त्यातला हळू भाग दुपारी बारा ते चार या वेळात जोरात असतो, त्यामुळे ज्या माणसाचं दुपारचं जेवण एक वाजता ठरलेलं आहे त्याला हे चालून जातं, स्वस्त पडतं, दोनच टोचण्या, काही वाईट नाहीये. पण ज्याचं जेवण तीन वाजता त्याला ते दीड-दोनला गाठतं. काकूंना तेच व्हायचं. म्हणून फेब्रुवारीत डॉक्टरांनी पॅटर्न बदलला. रात्री एकदा लांब चालणारं ग्लारजिन १८ युनिट, आणि नाश्ता, दुपार, रात्र प्रत्येक जेवणाला लवकर काम करणारं अ‍ॅस्पार्ट ६ युनिट, इन्सुलिन टोचायच्या पेनने. आधी दिवसाचे ४२ होते, बदलताना थोडं कमी करून ३६ वर आणले, आणि ग्लिमेपिराइड बंद, कारण जेवणाचं इन्सुलिन चालू असताना ती गोळी लो व्हायला मदतच करते. मेटफॉर्मिन चालू. कागदावर यात खोट काढण्यासारखं काहीच नव्हतं.

सहा आठवड्यांनी बघितलं तर सकाळची उपाशीपोटी शुगर १७०-१८०. ग्लारजिन २२ केलं. मग २६. संध्याकाळी पाचला २८० दिसते म्हणून दुपारचा डोस ८, रात्रीचा पण ८. आणि लो काही थांबेना, उलट एकदा पहाटे तीनला घामाघूम होऊन उठल्या आणि सुनेने मोजली तर ५४. त्या दिवशी काका घाबरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात हजर, हातात वही.

त्या वहीबद्दल सांगायलाच पाहिजे कारण सगळं प्रकरण तिच्यात होतं. ती शुगरची वही नव्हतीच, खानावळीची होती. पुढून पोरांचे खाडे, कोण गावाला गेलंय, कोणाचं पार्सल, कोणाचे पैसे राहिलेत, आणि मागून उलट्या बाजूने काकूंची शुगर. तारीख, आकडा, कधीकधी एखादा शब्द. "५८ चक्कर". "६१". "२८६ काय खाल्लं?" हे शेवटचं सुनेचं अक्षर. तारखा दोन्हीकडे असल्यामुळे पुढचं पान आणि मागचं पान जुळवता येत होतं, मी पहिल्यांदा नुसतं मागचं बघत बसले होते आणि काही कळत नव्हतं, आकडे सगळीकडे उडालेले. मग सहज पुढची पानं चाळली तर दिसलं की ज्या दिवशी खाडे खूप, म्हणजे पोरं कमी, त्या दिवशी दुपारी लो नाही. ज्या दिवशी फुल्ल, त्या दिवशी ५८, ६३, ६१. आणि रविवारी रात्री खानावळ बंद असते, तर रविवार रात्रीचे आकडे १५०, १६२, १४८. प्रत्येक रविवारी. बाकीचे सहा दिवस रात्री झोपताना २५०च्या वर.

आणि नाश्त्यानंतरचे आकडे पण बरे होते, १६०-१७०. जेवणानंतर दोन तासांनी १८०च्या आत आली तर आपण ठीक म्हणतो, म्हणजे हे चांगलेच.

आता बघा, तीच बाई, तेच इन्सुलिन, तीच सुई, नाश्त्याला काम करतं, रविवारी रात्री काम करतं, आणि सोमवार ते शनिवार दुपार-रात्र करत नाही. म्हणून मी विचारलं, काकू दुपारचं इंजेक्शन किती वाजता घेता? "बाराला. अगदी घड्याळ लावून." बरं, आणि जेवता किती वाजता? "ते काय सांगायचं, पोरं आवरली की. पावणेतीन, तीन, कधी सव्वातीन."

तर असं होतं ते. चिठ्ठीवर लिहिलेलं "जेवणाआधी". काकूंच्या घरात दुपारचं जेवण बाराला सुरू होतं, पहिली पंगत... पंगत म्हणजे टेबलंच, पण त्या पंगत म्हणतात, बाराला बसते. तेव्हा जेवणाआधी म्हणजे बारा. स्वतःचं जेवण ही त्यांच्या डोक्यात जेवणाची वेळ नाहीच, ते आवरण्यातलं एक काम आहे. त्यांनी काही सांगितलेलं मोडलं नव्हतं, उलट इतकं काटेकोर पाळलं होतं की दवाखान्यात दर वेळी "वेळेवर घेता ना?" ला "हो, अगदी वेळेवर" हे उत्तर यायचं आणि सगळे पुढे जायचे. रात्रीचं तसंच, साडेसातला खानावळ उघडायच्या आधी पेन, आणि जेवण साडेदहाला. चिठ्ठीवर नुसतं "जेवणाआधी" लिहिण्यापेक्षा तुम्ही स्वतः किती वाजता बसता हे विचारायला एक मिनिट लागतं, पण ते विचारलं जात नाही, आणि ज्या घरात बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते तिथे हे एक मिनिट फार महाग पडतं. आणि अशी घरं काही कमी नाहीयेत.

अ‍ॅस्पार्टचं काम कसं चालतं ते एकदा लिहिते म्हणजे पुढचं कळेल. टोचल्यावर दहा-वीस मिनिटांत सुरू होतं, एक ते तीन तासांच्या मध्ये जोरात असतं, आणि तीन ते पाच तासांत संपतं. धडधाकट माणसाच्या पोटात घास गेला की स्वादुपिंड काही मिनिटांतच इन्सुलिन सोडायला लागतं, त्याची ही नक्कल आहे. म्हणून हे घेतल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ताट समोर पाहिजे. जुनं साधं रेग्युलर इन्सुलिन हळू चढतं म्हणून त्याला अर्धा तास आधी सांगतात, काकूंच्या आधीच्या मिक्सला पण अर्धा तासच सांगितलेला होता आणि तो नियम त्यांच्या अंगवळणी पडलेला, त्यामुळे "आधी घेतलेलं चांगलंच" अशी एक समजूत डोक्यात होती. १२ ला ८ युनिट गेले, दीडला ते ऐन भरात, पोटात सकाळच्या पोह्यांशिवाय काही नाही, आणि काकू पोळ्या लाटतायत, उभ्याने, म्हणजे वरून व्यायाम. लो होणार नाही तर काय होणार.

मग लो झाल्यावर काय खायच्या? समोर जे असेल ते. रव्याचा लाडू, एक नाही दोन, वर साखर घातलेला चहा, कधी गूळ-पोळी. लाडवात तूप असतं, तूप असलं की साखर रक्तात उशिरा पोचते, पाच मिनिटांत बरं वाटत नाही म्हणून अजून एक. मग तीनला पूर्ण जेवण. तोपर्यंत बाराचं इन्सुलिन निम्म्याहून जास्त संपलेलं, आणि त्या जेवणासाठी शरीरात उरलेलं फार थोडं. पाचला २८०. तो २८० बघून दुपारचा डोस ६ चा ८ झाला. ८ ने दीडची लो अजून खोल गेली. रात्री तेच, साडेसातला ८, जेवण साडेदहाला, झोपताना २५०, सकाळी १८०, ती सकाळची बघून ग्लारजिन २६, आणि एखाद्या रात्री दमून काकू न जेवता नुसतं दूध पिऊन झोपल्या की पहाटे ५४. प्रत्येक बदल आकडा बघून केलेला, आणि प्रत्येक आकडा खरा.

दीडची लो त्यांना स्वतःला कळायची नाही हे पण महत्त्वाचं आहे. लोची लक्षणं काय, घाम, थरथर, धडधड, भूक. एप्रिलमध्ये दोन शेगड्या, तवा आणि वाफेच्या भांड्यांपुढे दीड वाजता कोणाला घाम येत नाही? भूक तर लागलेलीच असते. काकू म्हणाल्या मला वाटायचं उन्हाने होतंय. चक्कर येऊन भिंत धरली की सून मोजायची, म्हणजे वहीत आलेल्या लो या फक्त भिंत धरण्याइतक्या झालेल्या. किती निसटल्या असतील कोणास ठाऊक, रात्री नऊच्या सुमारास तर कोणी मोजलीच नव्हती कधी, नंतर मोजायला सांगितली तर पहिल्याच दिवशी ६६ आली.

थोडं इकडेतिकडे पण बघावं लागलं, एकच कारण सापडलं म्हणून थांबून चालत नाही.

एक, सिरिंज. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक एका मिलीत ४० युनिटचं असतं आणि पेनच्या कार्ट्रिजमधलं १०० युनिटचं. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. पेन बिघडलं की लोक कार्ट्रिजमधून जुन्या लाल टोपणाच्या सिरिंजने ओढतात, आणि मग ८ च्या खुणेवर प्रत्यक्षात २० युनिट जातात, अडीच पट. हे मी दर वेळी विचारते. काकूंच्या कपाटात लाल टोपणाचा अख्खा डबा होता पण वापरत नव्हत्या. तरी तो तिथून काढायला लावला.

दोन, उष्णता. दुपारचं पेन शेगडीच्या वरच्या फळीवर, मसाल्याच्या डब्यांशेजारी. वापरात असलेलं पेन बाहेर ठेवलं तरी चालतं, साधारण चार आठवडे, पण ३० डिग्रीच्या आत, आणि त्या फळीवर ३० कुठलं. इथे काकांची खात्रीच होती की औषध खराब झालंय, नवीन कार्ट्रिज टाका. पण तेच पेन नाश्त्याला आणि रविवारी रात्री व्यवस्थित चालत होतं. खराब असतं तर तिन्ही वेळेला खराब असतं. म्हणजे कारण ते नव्हतं, पण फळीवरून हलवलं मात्र लगेच.

तीन, चहातली साखर. घरच्यांचा मुख्य राग चहावर. दिवसात चार वेळा अर्धा कप, प्रत्येकात एक चमचा म्हणजे पाचेक ग्रॅम. कमी करायला पाहिजे, मान्य, पण अर्ध्या कप चहाने २८० होत नाही. चाखणं म्हणाल तर आमटीचा अर्धा चमचा, कोशिंबिरीची चिमूट. सुनेला हे आकडे घालून दाखवले तेव्हा जरा शांत झाली, कारण ती बिचारी खरंच काळजीने काकूंच्या मागे लागली होती आणि दोघींचं त्यावरून रोज वाजत होतं.

चार, पोट. हे मात्र सापडलं. मी सगळ्यांचं पोट हाताने बघते, नुसतं डोळ्यांनी नाही, कारण गाठ दिसत नाही, हाताला लागते. बेंबीच्या डाव्या बाजूला तीन बोटांवर भिजवलेल्या कणकेच्या गोळ्यासारखं मऊ, फुगीर, चिमटीत येत नव्हतं. काकूंना तिथे टोचलं की दुखत नाही म्हणून आवडती जागा. त्या कोपऱ्यात उभ्या राहून भिंतीकडे तोंड करून पदर थोडा बाजूला घेऊन टोचायच्या, उजव्या हाताला डावीकडचंच सोपं पडतं. एकाच जागी टोचत राहिलं की खालची चरबी अशी वाढते आणि तिथून इन्सुलिन कधी भरभर कधी रडतखडत शोषलं जातं, भरवसा राहत नाही. नाश्त्याचं इंजेक्शन काका देतात, उजवीकडे, आणि रविवारी रात्री पण काकाच. म्हणजे जिथे आकडे बरे तिथे वेळ पण बरोबर होती आणि जागा पण वेगळी होती, दोन्ही गोष्टी एकदम. यातलं कशामुळे किती, हे वहीवरून वेगळं काढता येत नव्हतं. म्हणून डॉक्टरांशी बोलून ठरवलं की दोन्ही एकदम बदलायचं नाही, आधी वेळ, मग जागा. आणि गाठीवरून चांगल्या जागेवर जाताना डोस कमी करावा लागतो नाहीतर जे आत्तापर्यंत अर्धवट शोषलं जात होतं ते सगळं लागू पडतं आणि माणूस आडवा होतो, ते पण ध्यानात ठेवायचं होतं.

आता वेळ बदलायची म्हणजे काय करायचं. माझं पहिलं म्हणणं होतं की काकू तुम्हीच बाराच्या आधी जेवून घ्या, साडेअकराला, स्वयंपाक तयारच असतो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं बोललेच नाही. "पोरं उपाशी आणि मी हाणून बसू? घास नाही उतरायचा." यावर आरोग्याचं व्याख्यान देता येतं, मी दिलं नाही, चाळीस वर्षांची सवय एका इंजेक्शनसाठी मोडायला लावली तर पहिल्या आठवड्यात हो म्हणतील आणि दुसऱ्या आठवड्यात आपल्याला खोटं सांगायला लागतील. जेवण हलत नाही ना, मग इन्सुलिन हलवू. अ‍ॅस्पार्टसारख्या नव्या प्रकारच्या (अ‍ॅनालॉग) इन्सुलिनचा फायदाच तो आहे, अगदी ताटावर बसता बसता घेतलं तरी चालतं, दहा मिनिटं आधी घेतलं असतं तर जेवणानंतरची चढ थोडी कमी राहिली असती, पण त्यासाठी लोचा धोका घेण्यात अर्थ नाही. पूर्वीचं रेग्युलर असतं तर ही मोकळीक मिळाली नसती.

नियम एका ओळीचा केला. स्वतःचं ताट वाढून समोर आलं की पेन, त्याच्या आधी नाही. आणि न जेवता झोपायचं असेल तर जेवणाचं नाही घ्यायचं, रात्रीचं ग्लारजिन मात्र घ्यायचं, दोन पेनं वेगळी आहेत, एक जेवणाचं आणि एक न जेवताही घ्यायचं. ते कळावं म्हणून ग्लारजिनच्या पेनाला लाल दोरा बांधला.

पण बाराला हात आपोआप फळीकडे जाणार हे दिसतच होतं. त्यावर काकांनी तोड काढली, त्यांनी जेवणाचं पेन गल्ल्यात ठेवलं. गल्ला बाहेरच्या खोलीत, पंख्याखाली, शेगडीपासून लांब, म्हणजे उष्णतेचा प्रश्न पण सुटला, आणि काकूंना पेन पाहिजे तर ताट घेऊन बाहेर यायला लागतं. ताट दाखवल्याशिवाय काका पेन देत नाहीत. काकू यावरून पहिले काही दिवस वैतागल्या, मी काय शाळेत आहे का, पण केलं.

दीड वाजता पोटात काहीच नाही तरी आता चालतं कारण जेवणाचं इन्सुलिन अजून गेलेलंच नाही. ग्लारजिन एकटं उपाशीपोटी लो करत असेल तर ते जास्त आहे, हे तपासायची पण ही चांगली संधी होती, आणि झालं तसंच, दुसऱ्या आठवड्यात पावणेतीनच्या आकड्यांत एक-दोन वेळा ७४, ७८ दिसले तेव्हा डॉक्टरांनी ग्लारजिन २६ चं २२ केलं. सकाळची त्याने वाढली नाही कारण झोपतानाचीच आता खाली आली होती. सकाळची शुगर वर आहे म्हणून रात्रीचं लांब चालणारं वाढवत जायचं हा मोह फार असतो, झोपतानाची किती होती ते बघितल्याशिवाय तो टाळायला पाहिजे.

लो झाली तर काय, ते पण बदललं. ७०च्या खाली आली की ग्लुकोज पावडर तीन चहाचे चमचे पाण्यात, साधारण १५ ग्रॅम, पंधरा मिनिटं थांबायचं, परत मोजायचं, अजून कमी असेल तर परत तेवढंच. लाडू नाही, चॉकलेट नाही, तुपाचं काही नाही. डबा तव्याच्या शेजारी. आणि घाम आला की उन्हाने आलाय असं ठरवायच्या आधी एकदा मोजायचं. एक पट्टी वीसेक रुपयांना पडते, काकू हिशोबी आहेत, म्हणाल्या पट्टीच्या पैशात एक वाटी भाजी येते. बरोबर आहे. म्हणून रोज सात वेळा मोजा असं सांगितलंच नाही, एक दिवस दुपारच्या आधी आणि दोन तासांनंतर, एक दिवस रात्रीच्या आधी आणि नंतर, असं आलटून पालटून. एका जेवणाचा आधीचा आणि नंतरचा आकडा मिळाला तर त्या डोसबद्दल काही बोलता येतं, नुसता कुठलाही एक आकडा काही सांगत नाही.

जागेचं तिसऱ्या आठवड्यात. तोपर्यंत दुपारची लो बंद झालेली, वहीत एकही ६० नाही, म्हणून माझं मत असं की मुख्य दोष वेळेचाच होता. पण जेवणानंतरचे आकडे अजून उडत होते, एक दिवस १७०, दुसऱ्या दिवशी तेच जेवून २४०, आणि तिथे गाठ होती असं मला वाटतं. डावीकडची जागा पूर्ण बंद, पोटाच्या उजव्या बाजूला चार भाग करून आठवड्याला एक भाग, ४ मिलीमीटरची सुई, दोन युनिट हवेत सोडून बघायचं, दाबल्यावर दहापर्यंत मोजून मग काढायची. डॉक्टरांनी दुपार-रात्रीचा डोस ८ वरून परत ६ केला. आणि ६ वर २८० ऐवजी १८०-१९० दिसायला लागली. ८ ने जे होत नव्हतं ते ६ ने झालं, यावर काका फार खूश, कार्ट्रिज जास्त दिवस पुरते म्हणून.

मग खरी गंमतीची अडचण. काकू जेवतात काय, तर उरलेलं. कधी पोळ्या संपल्या म्हणून नुसता भात-आमटी, कधी भात संपला म्हणून चार पोळ्या, कधी पोरांनी सगळं साफ केलं तर ताक-भाताचे चार घास. ठरलेला ६ चा डोस ठरलेल्या ताटासाठी असतो, इथे ताटच ठरलेलं नाही. कार्बोहायड्रेटचे ग्रॅम मोजायला शिकवणं हे पुस्तकातलं उत्तर, पण साठ ताटं वाढून आलेल्या बाईला भागाकार करायला सांगणं मला पटलं नाही, म्हणून पोळीलाच माप केलं. त्यांच्या पोळीत अंदाजे २० ग्रॅम कार्ब, भाताच्या वाटीत ४० च्या आसपास, आमटीत दहा. दोन पोळ्या, एक वाटी भात, आमटी म्हणजे ९० ग्रॅम, आणि त्याला ६ युनिट बरोबर बसत होते, म्हणजे १५ ग्रॅमला एक. दिवसाच्या एकूण इन्सुलिनने ५०० ला भागायचं असा एक ढोबळ नियम आहे, त्याने पण साडेबारा येत होतं, जवळच आहे. मग डॉक्टरांनी लिहून दिलं ते असं, एक पोळी जास्त तर एक युनिट जास्त, एक कमी तर एक कमी, भात नाहीच तर दोन कमी, आणि नुसतं ताक-भात असेल तर तीनच. भाजी, कोशिंबीर, ताक धरायचंच नाही. काकूंना हे ज्या वेगाने जमलं ते बघून मला आश्चर्य वाटायला नको होतं, साठ ताटांची कणीक अंदाजाने भिजवणाऱ्या बाईला वाटी-पोळीचं गणित काय शिकवायचं.

जेवणाआधी शुगर २०० च्या वर असेल तर प्रत्येक ५० ला एक युनिट वरून, जास्तीत जास्त दोन, आणि आधीच्या डोसला चार तास झाले नसतील तर ते पण नाही. हे शेवटचं मी दोनदा म्हणून घेतलं त्यांच्याकडून, कारण २४० दिसली की लगेच अजून टोचायची घाई होते आणि पहिलं अजून काम करत असतं, दोन्ही मिळून दोन तासांनी खाली पाडतात. (हे सगळे आकडे काकूंचे आहेत, त्यांच्या वजनाचे आणि त्यांच्या डॉक्टरांनी ठरवलेले. कोणी आपल्या आईला हेच चालू करू नका.)

गुरुवारी काकूंचा उपास असतो. पूर्वी उपास म्हणून दुपारचं इन्सुलिन घ्यायच्या नाहीत आणि साबुदाण्याची खिचडी खायच्या. साबुदाण्याच्या १०० ग्रॅममध्ये ८५ ग्रॅमच्या वर नुसता स्टार्च आहे, पोळीपेक्षा जास्त चढतो, वरून बटाटा. उपास सोडा म्हणायचा प्रश्न नव्हता. खिचडीची एक वाटी म्हणजे दोन पोळ्यांच्या वर धरायची आणि त्याप्रमाणे युनिट घ्यायचे, सोबत दही-काकडी. उपास असला तरी खाल्लं तर खाल्लंच, इतकंच.

जुलैमध्ये एचबीएवनसी ७.७ आलं, सरासरी १७५ च्या आसपास. एवढ्यात दिवसाचं एकूण इन्सुलिन मात्र कमीच झालंय, ग्लारजिन २२ आणि जेवणाचे ६-६-६, मिळून ४०, एप्रिलमध्ये ४८ होतं. वजन तेच. लो महिन्यातून एखादी, ती पण कळते आणि पावडरवर भागते. काही औषध बदललं नाही, कंपनी बदलली नाही.

राहिलेली गोष्ट रविवार दुपारची. रविवारी खानावळीत फीस्ट असते, चिकन नाहीतर मटण, मसालेभात, एक गोड, आणि काकू साडेतीनला निवांत जेवतात. दोन तासांनी मोजली तर १६०, सगळं छान, आणि रात्री आठला २५०. तेल-तूप आणि मटण असलं की पोट हळू रिकामं होतं, साखर चार-पाच तास झिरपत राहते आणि अ‍ॅस्पार्ट तोपर्यंत संपलेलं असतं. डोस वाढवून एकदम दिला तर साडेपाचला लो होईल, म्हणून तो वाढवलेला नाही. एक उपाय म्हणजे डोसचे दोन भाग, निम्मा ताटावर आणि निम्मा दीड-दोन तासांनी, पण काकू जेवून झाल्यावर झोपतात आणि आठवड्यातली ती एकच झोप, ती मोडायला त्या तयार नाहीत आणि मी पण आग्रह केलेला नाही. सध्या मसालेभात अर्धी वाटी आणि गोड चाखण्यापुरतं एवढ्यावर तडजोड आहे, २५० ची २२० झालीय. डॉक्टरांना ते फारसं पसंत नाहीये.

गौरी-गणपतीला खानावळ चार दिवस बंद, काकू-काका गावाला जाणार. तिकडे पुरणपोळी, एकीत आकाराप्रमाणे ४०-५० ग्रॅम, म्हणजे तीन युनिट, चिठ्ठीवर लिहून दिलंय. पंगतीत पान मांडून वाढायला अर्धा तास लागतो, म्हणून वाढून झाल्यावरच पेन, आणि गल्ला तिकडे नाही तर पेन काकांच्या खिशात. परत आल्या की वही घेऊन या म्हणून सांगितलंय, मागची पानं आणि पुढची पण.